शाळेचा सकाळचा नाश्ता: वाटीत नेमकं काय पडतं ते कसं बघायचं

फळ्यावर ‘आजचा नाश्ता: पोहे, केळं’ लिहिलेलं असतं, वाटपाचा फोटोही निघतो. त्या पोह्यांत शेंगदाणे किती होते, हे फळ्यावरून कळत नाही आणि फोटोतूनही नाही. शाळेच्या नाश्त्याचा दर्जा घसरतो तो इथेच. पदार्थाचं नाव महिनोन्‌महिने तेच राहतं आणि वाटीतला महागडा जिन्नस हळूहळू कमी होत जातो.

जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात सकाळच्या नाश्त्याची गरज कुणाला समजावून सांगायला नको. कापसाच्या वेचणीत आई दिवस उगवायच्या आत शेतात जाते. ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलं आजीकडे असतात. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की पोरं चहात खारी बुडवून खातात आणि निघतात. दुपारचं भोजन पीएम पोषण योजनेतून मिळतं. सकाळच्या नाश्त्याला मात्र गावातल्या शाळांत बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती, तरुण मंडळ किंवा एखादा दाता यांचाच आधार असतो. तमिळनाडूत राज्य सरकारच १५ सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांतून नाश्ता देतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सकाळच्या पौष्टिक नाश्त्याची शिफारस आहे. गरम शिजवणं जमत नसेल तिथे शेंगदाणे किंवा हरभरे गुळाबरोबर द्या, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. गावाने स्वतः चालवलेल्या नाश्त्यावर सरकारी तपासणीचा धाक नसतो. तपासणी आपली आपणच करायची.

खालचा सगळा हिशोब पहिली ते पाचवीच्या ६० मुलांचा आहे. सहावी ते आठवीसाठी तो दीडपट करावा.

आधी आकडा ठरवा

दुपारच्या भोजनाचं सरकारी प्रमाण पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं आहे, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. तांदूळ १०० आणि १५० ग्रॅम, डाळ २० आणि ३० ग्रॅम. नाश्त्याला दुपारच्या निम्मं किंवा थोडं जास्त धरलं की चालतं: लहान मुलाला २५० ते ३०० कॅलरी आणि ६ ते ८ ग्रॅम प्रथिनं. कॅलरी कशाही भरून निघतात. तेल, साखर, मैदा घाला की झालं. प्रथिनांचा आकडा मात्र डाळ, दाणे, कडधान्य, अंडं यांच्याशिवाय गाठता येत नाही, आणि पैसेही याच जिनसांना जास्त लागतात. म्हणून दर्जा बघायचा तर प्रथिनांपासून सुरुवात करावी.

बिस्किटांचा पुडा हा नाश्ता नव्हे. साध्या ग्लुकोज बिस्किटांत शंभर ग्रॅममागे प्रथिनं सहा-सात ग्रॅमच असतात आणि साखर जवळपास पाव हिस्सा. चहा तर शाळेत नकोच. त्याच्यामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही आणि सातपुड्याच्या पट्ट्यात मुलींच्या अंगात रक्त आधीच कमी.

पोहे, जवळून

सगळ्यात जास्त होणारा आणि सगळ्यात जास्त बिघडणारा पदार्थ हाच. एका मुलाला सुके जाडे पोहे ४० ग्रॅम, शेंगदाणे १२ ग्रॅम, तेल ४ ग्रॅम, कांदा १५ ग्रॅम. यातून २५० च्या आसपास कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत केळं दिलं की तीनशेच्या वर.

आता यातले दाणे काढा. पोह्यांची प्रथिनं उरतात पावणेतीन ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून जास्त प्रथिनं त्या १२ ग्रॅम दाण्यांत होती. ६० मुलांना ७२० ग्रॅम दाणे लागतात. बऱ्याच ठिकाणी ‘दोन मुठी’ म्हणून २०० ग्रॅमच पडतात. दिसायला पोहे तसेच पिवळे, तसेच वाफाळते. यात दरवेळी कुणी चोरीच करतं असं नाही. अंदाजाने टाकणारा हात महाग जिनसापाशी आपोआप आखडतो, घरीही आखडतोच की.

यावर एक सोपी परीक्षा आहे. पंगतीत बसलेल्या कोणत्याही तीन मुलांच्या वाट्या घ्या आणि दाणे मोजा. आपल्याकडच्या बारीक शेंगदाण्याच्या १०० दाण्यांचं वजन ३५ ते ४५ ग्रॅम भरतं. १२ ग्रॅम म्हणजे २७ ते ३४ दाणे. डाळ पडून दोन तुकडे झाले असतील तर त्याच्या दुप्पट तुकडे. वाटीत आठ-दहाच सापडले, तर दोनशे ग्रॅमचाच हिशोब चाललाय हे समजावं. एका वाटीत चाळीस आणि दुसरीत सहा निघाले, तर माल पूर्ण पडलाय, पण नीट मिसळलेला नाही. दाणे जड असतात, ढवळताना कढईच्या तळाशी जातात आणि रांगेतल्या शेवटच्या पोरांना मिळतात.

दोन्हींवर इलाज एकच: दाणे पोह्यांत घालूच नयेत. वेगळे तळून डब्यात ठेवावेत आणि वाढताना प्रत्येक वाटीवर एक चमचा टाकावा. चमचा कोणता, ते एकदा काट्यावर बघून पक्कं करावं. पोहे खायचा मोठा चमचा शिगोशीग भरला की साधारण १२ ग्रॅम होतात, पण चमच्याचमच्यात फरक असतो. बालवाडीची मुलं पंगतीला असतील तर त्यांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांना कूट घालावं. दाण्यांची ॲलर्जी असलेलं मूल क्वचित निघतं, पण प्रवेशाच्या वेळीच पालकांना विचारून वहीत लिहून ठेवावं.

६० जणांचे पोहे एका गंजात करायचे नाहीत. उंच भांड्यात खालचे पोहे वरच्यांच्या वजनाने दबून गोळा होतात आणि मग पाणी शिंपडून शिंपडून लगदा होतो. रुंद कढईत दोन घाणे करावेत. एका घाण्याला, म्हणजे ३० मुलांना:

जाडे पोहे १.२ किलो, शेंगदाणे ३६० ग्रॅम, तेल १२० ग्रॅम, कांदे ४५० ग्रॅम, हिरवी मिरची ३० ग्रॅम, मोहरी १० ग्रॅम, हळद ५ ग्रॅम, मीठ २० ग्रॅम, लिंबं ३, कोथिंबीर एक छोटी जुडी.

१. पोहे चाळून निवडून घ्यावेत. मग चारशे-चारशे ग्रॅम चाळणीत घेऊन वरून पाणी सोडावं, हाताने एकदाच हलवावं आणि निथळत ठेवावं. पातेल्यात बुडवून ठेवले की तळचे गळतात.

२. दहा मिनिटांनी एक पोहा बोटांत दाबून बघावा. दाबला गेला पाहिजे, पण पीठ व्हायला नको. मधे कडक लागला तर पाण्याचा हबका मारून आणखी पाच मिनिटं थांबावं.

३. मीठ आणि हळद या ओल्या पोह्यांनाच हलक्या हाताने लावून घ्यावी. फोडणीत टाकली तर एवढ्या मोठ्या घाण्यात ती सारखी पसरत नाही. कुठे पांढरे पोहे राहतात, कुठे खारट.

४. तेलात आधी दाणे तळून काढावेत. मध्यम आच ठेवावी. मोठ्या आचेवर साल काळी होते आणि आत दाणा कच्चा राहतो. त्याच तेलात मोहरी तडतडवून मिरची आणि कांदा घालावा.

५. कांदा मऊ झाला की पोहे घालून उलथण्याने खालून वर करावं. ढवळू नये. झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ आणावी. तळापासून वाफ आली पाहिजे; वरचे पोहे गरम लागतात म्हणून फसू नये.

६. उतरवल्यावर लिंबू पिळावं. लिंबाने चव येतेच, पण पोह्यांतलं लोहही त्याच्यामुळे अंगी लागतं. कोथिंबीर घालायची तर ती धुऊन, निथळून आधीच ठेवलेली असावी.

एका घाण्याचं तयार वजन, वरून द्यायचे दाणे धरून, ३.१ ते ३.४ किलोपर्यंत भरतं. म्हणजे वाटीला १०३ ते ११३ ग्रॅम. चार किलो भरलं तर पाणी जास्त झालंय. अडीच किलोच भरलं तर पोहेच कमी पडलेत. रिकाम्या कढईचं वजन एकदा करून तिच्या कानावर रंगाने लिहून ठेवलं की रोजची वजाबाकी अर्ध्या मिनिटाची.

मिरचीबद्दल एक शब्द. खान्देशी हात तिखटाला सैल असतो. पहिली-दुसरीची पोरं तिखट लागलं की बोलत नाहीत, वाटी अर्धी ठेवून उठतात. मिरची उभी चिरून मोठे तुकडे टाकावेत, म्हणजे काढून ठेवता येतात.

बाकीचे दिवस

दुपारी बहुतेक दिवस खिचडी किंवा भात असतो. त्यामुळे सकाळी भाताचा प्रकार नको. साडेसातला खिचडी आणि दुपारी पुन्हा खिचडी म्हटल्यावर दुपारचं अन्न उष्टं पडतं आणि दोष स्वयंपाक करणाऱ्या मावशींवर येतो.

दलियाची लापशी या हिशोबात चांगली बसते. माणशी दलिया ३५ ग्रॅम, गूळ १२, शेंगदाण्याचं कूट १०, तूप किंवा तेल ३. साठांना दलिया २.१ किलो, गूळ ७२० ग्रॅम, कूट ६०० ग्रॅम, तेल १८० ग्रॅम, पाणी आठ लिटर. यातून २५० कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं. दलिया तेलावर खमंग भाजून उकळत्या पाण्यात शिजवायचा. उघड्या भांड्यात पंचवीस-तीस मिनिटं लागतात. हमखास होणारी चूक म्हणजे गूळ आधी घालणं. गूळ पडला की दलिया पुढे शिजत नाही, कणी दाताखाली येत राहते. कणी बोटांत पूर्ण चिरडली की मगच गूळ, आणि तोही वेगळा विरघळवून, गाळून. गुळात खडा, काडी, पोत्याची सुतळी असतेच.

उपम्याला रवा माणशी ४० ग्रॅम, दाणे ८ ग्रॅम, भाज्या हाताशी असतील त्या. घरी रव्याला अडीचपट पाणी पुरतं. शाळेत साडेतीनपट घ्यावं, कारण वाढेपर्यंत उपमा घट्ट होत जातो आणि शेवटच्या मुलाला वडी मिळते. रवा घालायला एक आणि हलवायला एक, अशी दोन माणसं लागतात. एकटीने केलं की गुठळ्या ठरलेल्याच.

मटकीची उसळ आणि कळणाची अर्धी भाकरी ही या भागातली सगळ्यात भक्कम न्याहारी. मटकी २५ ग्रॅम, तेल ४ ग्रॅम आणि भाकरीचं पीठ ४० ग्रॅम धरलं तर अडीचशे कॅलरी आणि दहा ग्रॅमपर्यंत प्रथिनं. चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद घालून दळलं की कळण तयार. दादर ज्वारी मिळाली तर भाकरी आणखी गोड लागते. अडचण श्रमाची आहे. साठ मुलांना ३० भाकरी, एका तव्यावर तासाच्या वर वेळ. दोन तवे आणि दोन बायका असतील तर पाऊण तासाच्या आत. म्हणून आठवड्यातून एकदाच ठेवावी आणि त्या दिवशी बचत गटाकडून जास्तीचा हात मागून घ्यावा. पीठ आठवड्याचंच दळून आणावं. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेने फाटते, उन्हाळ्यात पिठाला कडवट वासही येतो.

मोड आणण्यात ऋतूचा फरक फार. मटकी दीड किलो घ्यावी, मोड आल्यावर ती तीन-साडेतीन किलो होते. थंडीत कोमट पाण्यात आठ तास भिजवून, फडक्यात बांधून, उबदार कोपऱ्यात १८ ते २४ तास ठेवावी लागते. जळगावच्या जानेवारीत रात्रभरात मोड येत नाहीत. एप्रिलमध्ये पाच-सहा तास भिजवणं आणि आठ-दहा तास बांधून ठेवणं पुरे, मधे एकदा थंड पाण्याने खळबळून घ्यायचं. फडकं सोडल्यावर आंबट वास आला, हाताला चिकट लागलं, तर टाकून द्यावी, धुऊन वापरू नये. मोड ज्या ओलाव्यात आणि उबेत येतात त्यातच जंतूही वाढतात. म्हणून लहान मुलांना मोड कच्चे देऊ नयेत. उकळी येऊन दहा मिनिटं शिजलेच पाहिजेत.

एक दिवस चूल बंद: शेंगदाणे २० ग्रॅम, फुटाणे २५ ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम. साठांना दाणे १.२ किलो, फुटाणे १.५ किलो, गूळ ९०० ग्रॅम. यात २६० कॅलरी आणि दहा ग्रॅम प्रथिनं आहेत, म्हणजे प्रथिनं पोह्यांपेक्षा कितीतरी जास्त. गरम नाही म्हणून पालक नाक मुरडतात, पण हिशोबाने बघितलं तर आठवड्यातल्या चांगल्या दिवसांपैकी हा एक. गॅस संपला, मावशी आल्या नाहीत, पाणी आलं नाही, अशा दिवसांसाठी तीन दिवसांचा एवढा कोरडा साठा शाळेत कायम असावा.

उकडलेलं अंडं एका दिवशी द्यायचं तर पाणी उकळल्यावर बारा मिनिटं. अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं. न खाणाऱ्या मुलांना फुटाणे-गूळ, आणि ते वेगळ्या पंगतीत न बसवता.

माल घेताना

शेंगदाणे सगळ्यात काळजीने घ्यावेत. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशीचे दाणे निवडून फेकावेत आणि पोत्यात त्यांचं प्रमाण जास्त दिसलं तर पोतंच परत करावं. त्या बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. चार दाणे तोंडात टाकून बघावेत. एकही कडू लागला तर निवडणं पुन्हा. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा करू नये. रवा-पोह्यांत त्याच काळात अळी आणि जाळी होते, म्हणून रवा आणल्याच दिवशी कोरडा भाजून हवाबंद डब्यात भरावा.

तेल सीलबंद पिशवीचंच, आणि पिशवीवर चौदा अंकी परवाना क्रमांक असलेलं. हळद सुटी नको. गूळ फार पिवळाधमक असेल तर तो तसा दिसावा म्हणून त्यात काही घातलेलं असायची शक्यता जास्त. तपकिरी गूळ दिसायला साधा, पण बरा.

केळी आपल्याकडे दाराशी पिकतात. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात बाहेरगावच्या गाडीला न चाललेला माल गावातच स्वस्त मिळतो. आकाराने लहान-मोठी असली तरी खायला ती उत्तम. ६० मध्यम केळ्यांना सालासकट आठ-नऊ किलो धरावं. अर्धकच्ची घ्यावीत, मे महिन्यात ती दीड-दोन दिवसांत पिकतात, थंडीत चार-पाच दिवसही घेतात. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. साल एकसारखं पिवळं आणि आत गर कडक, बेचव लागला तर त्या विक्रेत्याकडचा माल बंद करावा. सालावरचे तपकिरी ठिपके चांगले, पोरांना ते समजावून सांगावं. थंडीत साल करडं पडतं, ते गारठ्याने. आत गर चांगला असेल तर ते केळं वाया घालवू नये.

पाणी आणि घड्याळ

पोहे पाच मिनिटं वाफवले जातात, उकळत नाहीत. म्हणून ज्या पाण्यात ते भिजवले, ते पाणी जवळजवळ तसंच मुलांच्या पोटात जातं. कोथिंबिरीचं पाणी तर थेट. त्यामुळे पोहे भिजवायला पिण्याचंच पाणी घ्यावं, टाकीखालच्या नळाचं नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची बाटली असते. आठवड्यातून एकदा शाळेच्या नळाची टेस्ट करायला लावावी. पाण्याला पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे. रंग आलाच नाही तर त्या दिवशी पाणी उकळून वापरावं किंवा फुटाण्यांचा दिवस करावा.

दुसरी गोष्ट, शिजवणं आणि वाढणं यातलं अंतर. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या खाली आलं की जंतूंना मोकळं रान मिळतं. एरवी दोन तास धकून जातात. हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भुसावळचा एप्रिल आठवला की हा नियम कुणासाठी आहे ते कळतं. मावशींना सातला शेतात जायचं असतं म्हणून पोहे साडेपाचला होऊन पडतात आणि पोरांच्या पानात आठला येतात, हे फार ठिकाणी चालतं. दोष मावशींचा नाही, वेळ ठरवणाऱ्यांचा आहे. साडेसातला वाढायचं तर सव्वासहाला भिजवणं, पावणेसातला चूल, सव्वासातला दुसरा घाणा उतरला पाहिजे.

‘परत गरम केलं की झालं’ हे इथे चालत नाही. तांदूळ, पोहे, शेवया यांत एका जंतूचे बीजाणू असतात जे शिजवूनही मरत नाहीत. अन्न कोमट राहिलं की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत किंवा पाच-सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात. उरलेले पोहे दुपारच्या खिचडीत मिसळणं म्हणूनच सक्त बंद.

हात धुण्याचाही घड्याळाशी संबंध आहे. एक नळ आणि ६० पोरं, प्रत्येकी वीस सेकंद म्हटलं तरी वीस मिनिटं. तोवर नाश्ता गार. प्लॅस्टिकच्या पाइपला हातभर अंतराने चार-पाच तोट्या लावून टाकीला जोडला की काम पाच मिनिटांवर येतं. साबण जाळीच्या पिशवीत टांगावा, नाहीतर दोन दिवसांत गायब.

फवारणीचा डबा

कापसाच्या गावात हे वेगळं लिहायलाच हवं. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं गेली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. ते नाव खान्देशातल्या शेतकऱ्याला नवं नाही. त्यामुळे काही नियमांना अपवाद नको: तेल, पाणी, गूळ यांसाठी कोणताही जुना प्लॅस्टिकचा कॅन वापरायचा नाही, कितीही धुतला असला तरी. धान्याच्या खोलीत फवारणीचा पंप, औषध, खत एक रात्रही ठेवायचं नाही. खताच्या गोणीवर धान्य वाळवायचं नाही. फवारणी करून आलेल्या माणसाने त्याच कपड्यांत स्वयंपाकघरात यायचं नाही.

मुलांना वाढण्याआधी दोन-तीन मोठ्यांनी, त्यात एक शिक्षक, चव घ्यायची पद्धत दुपारच्या भोजनात आहे. नाश्त्यालाही तीच ठेवावी. चव घेणाऱ्याने आधी वास घ्यावा. तेलाला, फोडणीला औषधासारखा वास आला तर ‘वाटत असेल’ म्हणून पुढे जाऊ नये. चव घेऊन अर्धा तास थांबता आलं तर उत्तम, मात्र तेवढा वेळ अन्न झाकून गरम राहिलं पाहिजे. वहीत वेळ आणि सही, तीही चव घेतल्यावर. महिन्याच्या सह्या एका बैठकीत झालेल्या वहीचा काही उपयोग नाही, शाईच सांगते.

किती शिजवायचं, किती उरलं

पटसंख्येवर शिजवू नये. मागच्या तीन दिवसांच्या हजेरीची सरासरी घेऊन तीन वाट्या जास्त धराव्यात. आठवडे बाजार, वेचणीचे आठवडे, कानबाईच्या (श्रावणातला खान्देशी देवीचा उत्सव) विसर्जनाचा सोमवार, या दिवशी हजेरी उतरते. कानबाईनंतर घरोघरी रोट चालू असतात, पोरं पोट भरून येतात. असे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत.

मोजायला एक स्टीलचा डबा पक्का करावा. त्यात २.४ किलो पोहे कुठवर येतात, तिथे खिळ्याने ओरखडा. दाण्यांचा डबा वेगळा, त्यावर ७२० ग्रॅमची खूण. मग मावशी कुणीही असोत, हात आखडत नाही आणि सुटतही नाही. शनिवारी आठवड्याची सुरुवातीची शिल्लक, आलेला माल आणि उरलेला माल प्रत्यक्ष वजन करून जुळवावा. पाव किलोचा फरक चालतो. दर आठवड्याला एकाच जिनसाचा फरक येत असेल तर तो बोलून मिटवावा, चारचौघांत नको.

उष्ट्याची बादली हा सगळ्यात खरा अभिप्राय. साठ मुलांत पाव-अर्धा किलो उष्टं पडतंच. दोन किलो पडलं तर बादलीत हात न घालता नुसतं बघावं: मिरच्या आणि कांदा वर दिसतात का, पोह्यांचे गोळे आहेत का, केळी अर्धी टाकलीत का. गोळे म्हणजे भिजवणं चुकलं. फक्त दाणे उरले असतील तर ते जळलेत किंवा कडू आहेत. सगळंच उरलं असेल तर घरून खाऊन आलीत, किंवा सलग चौथा दिवस पोह्यांचा आहे.

कुणाला उलटी झाली तर

दोन मुलांना एका तासात उलटी झाली की वाटप लगेच थांबवावं आणि मुलांच्या हातातल्या वाट्याही ठेवून घ्याव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन, मुलं जास्त असतील किंवा कुणी गुंगीत जात असेल तर १०८. तोंडातून लाळ गळणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, घाम येणं अशी लक्षणं दिसली तर फोनवरच ‘फवारणीच्या औषधाचा संशय’ असं सांगावं, कारण त्याचा इलाज वेगळा असतो. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नये. कुणी किती वाजता खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला, हे एका शिक्षकाने लिहीत बसावं.

रोज एक वाटी नाश्ता उकळत्या पाण्याने धुतलेल्या झाकणाच्या डब्यात भरून, तारीख लिहून, २४ तास थंड जागी ठेवावा. शाळेत फ्रिज नसेल तर शेजारच्या घरातल्या फ्रिजमध्ये वेगळ्या पिशवीत. गडबडीच्या दिवशी सगळ्यात आधी हा डबा ताब्यात घ्यावा. आणि घाबरून कुणी गंज-कढया घासायला घेतल्या तर त्यांना थांबवावं. तपासणीला आलेल्यांना त्याच लागतात.